मदत हवी आहे: सोसायटीच्या अ‍ॅफिडेव्हिटमधला 'इंटेस्टेट' म्हणजे काय? (अर्जंट)

गवतीचहा:
बाबांचा फ्लॅट आईच्या नावावर करायचाय. सोसायटीने अ‍ॅफिडेव्हिटचा नमुना दिला त्यात "माय फादर डाइड इंटेस्टेट" असं छापलंय. मला वाटलं आतड्याचं काहीतरी, बाबा तर हार्टने गेले, म्हणून ते खोडून मी कार्डिअ‍ॅक अरेस्ट लिहिलं तर सेक्रेटरी हसले आणि फॉर्म परत दिला. शनिवारी नोटरीकडे जायचंय. एका ओळीत अर्थ सांगा, लेक्चर नको.

पाटीपेन्सिल:
आतडं नाही हो 😀 इंटेस्टेट म्हणजे मृत्युपत्र न करता वारलेला. माणसाला लागणारं विशेषण आहे, मरणाच्या कारणाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये टेस्टिस म्हणजे साक्षीदार, त्याच घराण्यातला शब्द.

दुसरामजला:
अर्थ ठीक, पण ते वाक्य तुम्हाला लागू आहे का? मृत्युपत्र केलं होतं का बाबांनी?

गवतीचहा:
नाही. म्हणजे रजिस्टर वगैरे काही नाही.

कोकमसोडा:
बक्षीसपत्र करा सरळ. घर बायको-मुलांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्यूटी फक्त २०० रुपये, माझ्या सासऱ्यांनी केलं.

दुसरामजला:
अहो त्यांचे वडील गेलेत, आता बक्षीस कोण देणार?

कोकमसोडा:
मी जनरल सांगितलं. इतरांना उपयोग होईल.

नानासाहेब६२:
नॉमिनी कोण आहे? नॉमिनी असेल तर तोच मालक, अ‍ॅफिडेव्हिटची गरजच नाही. सोसायट्या उगाच नाचवतात.

पाटीपेन्सिल:
नॉमिनी मालक होत नाही नाना, तो वारसांच्या वतीने सांभाळतो. सहकार कायद्यात २०१९ ला कलम १५४ब-१३ आलं त्यात मृत्युपत्र, वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट नाहीतर घरच्यांमधला करार यांवर ट्रान्सफर, नुसता नॉमिनी असेल तर प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद.

नानासाहेब६२:
आमच्याकडे १९९४ साली नॉमिनीवरच झालं होतं, कुणी विचारलं नाही.

दुसरामजला:
गवतीचहा, वारस कोण कोण लिहिलेत फॉर्मवर?

गवतीचहा:
आई, मी आणि ताई. ताईचं लग्न झालंय, तिला काही नको आहे.

नानासाहेब६२:
२००५ च्या आधी लग्न झालं असेल तर तसाही हक्क नाही.

पाटीपेन्सिल:
चूक! वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीची, आणि तिथेही लग्न कधी झालं याला अर्थ नाही. बापाने स्वतः घेतलेल्या घरात मुलीचा हिस्सा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलाइतकाच आहे. काही नको असेल तर हक्कसोडपत्र करून रजिस्टर करायचं, फोनवर "मला नको" म्हणून भागत नाही.

दुसरामजला:
आणि आजी? बाबांची आई हयात आहे का?

गवतीचहा:
आजी आहे, ८८ ची, गावी काकांकडे असते. तिचा काय संबंध?

दुसरामजला:
पहिल्या वर्गातली वारस आहे ती, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीची. आई, आजी, तुम्ही, ताई, प्रत्येकी चौथा हिस्सा. तीनच वारस लिहून शपथ घेतली असती तर ते खोटं अ‍ॅफिडेव्हिट.

गवतीचहा:
बापरे. हे कुणीच सांगितलं नाही. पण बाबांनी डायरीत लिहिलं होतं की फ्लॅट आईचा, खाली सही पण केलीय, मग आजीचा हिस्सा कसा?

पाटीपेन्सिल:
थांबा थांबा. डायरीत??

गवतीचहा:
हो, साधं पान आहे, स्टॅम्प नाही म्हणून मी ते धरलंच नाही.

पाटीपेन्सिल:
मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, वहीचं पान चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी बाबांना सही करताना पाहिलं किंवा ज्यांच्याजवळ बाबांनी सही माझीच म्हणून कबूल केलं, आणि साक्षीदारांनीही बाबांसमोर सही केली पाहिजे. साक्षीदार नसतील तर ते मृत्युपत्र नाही, मग तुमचे बाबा इंटेस्टेटच.

कोकमसोडा:
स्टॅम्पवरून आठवलं, शंभरचा बंद होऊन पाचशेचा झालाय, लूट आहे नुसती.

नानासाहेब६२:
अगदी. आणि मराठी राज्यात इंग्रजी फॉर्म कशाला? "मृत्युपत्र न करता मयत" लिहायला काय होतं?

पाटीपेन्सिल:
पहिल्यांदाच पटलं तुमचं नाना.

गवतीचहा:
आत्ता कपाट उघडून डायरी बघितली. बाबांच्या सहीखाली तारीख आहे, मग "समक्ष" लिहून दोन सह्या. एक समोरच्या जोशीकाकांची, दुसरी नीट लागत नाही, आई म्हणते आमच्या सेक्रेटरींची आहे.

दुसरामजला:
जे फॉर्म बघून हसले तेच??

गवतीचहा:
तेच. म्हणतात नमुना सगळ्यांना एकच देतो, डायरीचं लक्षात नव्हतं.

पाटीपेन्सिल:
मग 'इंटेस्टेट' खाली सही करू नका. शनिवारची नोटरी रद्द करा, डायरीचं पान फाडू नका, अख्खी डायरी घेऊन वकिलाकडे जा.

कोकमसोडा:
पण बक्षीसपत्र केलं असतं तर हे काहीच लागलं नसतं.