पहिलं घर आणि वकील: सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

गेल्या महिन्यात विजापूर रोडवरच्या आमच्या पहिल्या घराचं खरेदीखत झालं. स्वतःचा वकील लावायचा की बँकेचा पुरे, यावर घरात दोन महिने वाद चालला होता. आता ओळखीतले बरेच जण मला तेच विचारतात, म्हणून सुरुवात मी करते. तुम्हीही लिहा. फसला असाल तर तेही लिहा.

आम्ही जुनं रो हाऊस घेतलं. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने कागद तपासून मालकीबद्दल दिलेला अहवाल, आला होता, कर्जही मंजूर होतं. पण भाऊजी अडून बसले. "तो वकील बँकेचा. तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढं बघणार. तुझं कोण बघणार?" मग सात रस्त्याजवळच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ३० वर्षांचे कागद मागितले: आधीची सगळी खरेदीखतं, सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), बांधकाम परवाना, टॅक्सची पावती, मिळकत पत्रिका (जागा कुणाच्या नावावर आहे तो सरकारी उतारा). पत्रिकेवर वडिलांमागे दोन भावांची नावं लागलेली.

"बहीण आहे का?" बाईंनी विकणाऱ्या काकांना विचारलं.

"आहे की. गुलबर्ग्याला दिलीय. तिचं काही म्हणणं नाही."

"तेच कागदावर पाहिजे."

वडिलांच्या घरात बहिणीचाही हिस्सा, म्हणून तो सोडल्याचं तिचं हक्कसोडपत्र नोंदवायचं ठरलं. त्या मावशी रेल्वेनं आल्या आणि आधी घर बघायचं म्हणाल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, मागच्या लिंबाखाली थोडा वेळ उभ्या राहिल्या. निबंधक कार्यालयात मशीनवर त्यांचा ठसा उमटेना. पदराला बोट पुसून तिसऱ्यांदा दिला तेव्हा उमटला. भावानं साडीचोळी केली. माझे फीचे १५ हजार गेले, व्यवहार तीन आठवडे लांबला. पण त्यांना न विचारता मी त्या घरात राहायला गेले असते, ही कल्पनाही मला सोसत नाही.

जुळे सोलापूर:
माझा नवीन फ्लॅट. बिल्डर बुकिंगलाच २५ टक्के मागत होता. वकिलांनी सांगितलं, रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. महारेराच्या, म्हणजे राज्यात हा कायदा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून मंजूर नकाशाही त्यांनीच दाखवला. मी १० टक्केच दिले, बाकी साठेखतानंतर.

होटगी रोड:
आमच्या वकिलांनी घर माझ्या एकटीच्या नावे घ्यायला सुचवलं. बायकांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. नवऱ्याचंही नाव टाकलं की ती जाते. ३२ लाखांच्या घराला ३२ हजार वाचले. सासूबाई आधी नाराज होत्या, पण पूजेला त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की घर सुनेचं आहे.

नीलम नगर:
आमचं उलटं झालं. आई विड्या वळायची, वडील मागावर. २००६ साली दीड गुंठा घेतला. वकील कशाला, माणूस ओळखीचा आहे, असं सगळे म्हणाले. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली आणि वडिलांना वाटलं, जागा आपली झाली. कर्ज काढायला गेलो तेव्हा कळलं, नोटरीनं जागा नावावर होत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. सातबाऱ्यावर अजून मूळ मालक, आणि ते वारले. आता वकील लावलाय. त्यांच्या मुलांना गाठून खरेदीखत करायचं, गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या कायद्यात, जागा नियमित करायला अर्ज द्यायचा, असं चाललंय. एक मुलगा तयार आहे, दुसरा आजच्या भावानं पैसे मागतो.

ज्यांनी नुसत्या नोटरीवर जागा घेतलीय त्यांनी मूळ मालक जिवंत असेपर्यंत वकील गाठा, हात जोडून सांगतो. वडील गेले. आईला वाचता येत नाही. तो नोटरीचा स्टॅम्पपेपर तिनं अजून ट्रंकेत, लग्नाच्या लुगड्याच्या घडीत ठेवलाय.