‘तट’, ‘गट’ की ‘पक्ष’? आणि ‘सरकार स्थापणे’

प्रश्न : अमेरिकी प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या वर्षांवर मराठीत लिहिताना ‘फॅक्शन’साठी कोणता शब्द योजावा? ‘गट’ फिका वाटतो आणि ‘पक्ष’ अवजड.

उत्तर : आपली दोन्ही निरीक्षणे योग्य आहेत. जेम्स मॅडिसनने नोव्हेंबर १७८७ मध्ये, नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या लेखमालेतील दहाव्या लेखात या शब्दाची व्याख्या केली आहे. एखाद्या आवेगाने किंवा हितसंबंधाने एकवटलेले आणि त्यामुळे इतरांच्या हक्कांना किंवा समाजाच्या कायमच्या हिताला बाधा आणणारे नागरिक, मग ते बहुसंख्य असोत वा अल्पसंख्य, असा तिचा आशय आहे. म्हणजे या शब्दातच दोषारोप आहे. मराठीतला ‘गट’ मात्र निर्दोष आहे. बचत गट, अभ्यासगट असे आपण रोज म्हणतो. शिवाय ‘गट’ म्हटले की मोठ्या समूहातला छोटा भाग डोळ्यांपुढे येतो, आणि मॅडिसनला तर बहुसंख्याकांचीच धास्ती अधिक होती. ‘कंपू’ एखाद्या व्यक्तीभोवती जमतो, तर ‘दुफळी’ ही स्थिती आहे, माणसांचा समूह नव्हे.

माझा कौल ‘तट’ या शब्दाला आहे. ‘गावात दोन तट पडले’ या वाक्यात वैर, हितसंबंध आणि गावाचे होणारे नुकसान हे सारे न सांगता येते. व्याख्या देताना एकदा स्पष्टीकरण करावे लागेल, कारण तट सहसा जोडीने येतात. पण पुढच्या इतिहासाला तो चपखल बसतो. वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळणारा हॅमिल्टन आणि परराष्ट्र खाते सांभाळणारा जेफरसन यांच्यात राष्ट्रीय बँकेवरून १७९१ मध्ये मतभेद झाले, आणि ब्रिटन व फ्रान्स यांच्या युद्धात वॉशिंग्टनने १७९३ मध्ये तटस्थता जाहीर केल्यावर ते आणखी तीव्र झाले. तटस्थतेवरून तट पडावेत हा आपल्या भाषेत सहज जुळून आलेला योग आहे. सप्टेंबर १७९६ मधील निरोपाच्या संदेशात वॉशिंग्टनने ज्या वृत्तीविरुद्ध कळकळीने इशारा दिला, तिला मी ‘तटबाजी’ म्हणेन. १८०० च्या निवडणुकीपर्यंत मात्र दोन्ही बाजूंचे काँग्रेस-सदस्य, म्हणजे अमेरिकी संसदेचे सदस्य, बैठका घेऊन उमेदवार ठरवू लागले होते, म्हणून तेथून पुढे ‘पक्ष’ लिहायला माझी हरकत नाही.

पुरवणी प्रश्न : मग जेफरसनचा ‘रिपब्लिकन पक्ष’ आणि ‘१८०१ मध्ये जेफरसनने सरकार स्थापन केले’ हे प्रयोग चालतील का?

उत्तर : पहिला प्रयोग खुलाशाशिवाय करू नये. आजचा अमेरिकी रिपब्लिकन पक्ष १८५४ चा आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला या नावाने आधी बाबासाहेबांच्या विचारातून उभा राहिलेला पक्षच आठवेल. ‘जेफरसनवादी रिपब्लिकन’ हे निःसंदिग्ध आहे.

दुसरा प्रयोग मात्र मला खटकतो. आपल्याकडे बहुमत जुळवून, राज्यपालांकडे दावा करून सरकार स्थापन होते. अमेरिकेत मंत्र्याला काँग्रेसचे सदस्यत्व ठेवता येत नाही आणि अध्यक्षाची मुदत काँग्रेसमधील बहुमतावर अवलंबून नसते. तिथे ‘सरकारची स्थापना’ म्हणावी ती १७८९ चीच. नव्या काँग्रेसची बैठक ४ मार्चला न्यू यॉर्कमध्ये भरायची होती, पण गणसंख्याच पूर्ण होईना. कनिष्ठ सभागृहाची ती १ एप्रिलला आणि सिनेटची ६ एप्रिलला पूर्ण झाली, आणि ३० एप्रिलला वॉशिंग्टनने शपथ घेतली.

१८०१ चा प्रसंग वेगळा आहे. जेफरसन आणि त्याचाच सहउमेदवार अ‍ॅरन बर यांना अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडली, निर्णय कनिष्ठ सभागृहाकडे गेला आणि १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आला. पराभूत अध्यक्ष अ‍ॅडम्स ४ मार्चला पहाटेच राजधानी सोडून गेला आणि विरोधकाच्या हाती कारभार शांतपणे आला. यासाठी मराठीत ‘सत्तांतर’ हा नेमका शब्द आहे, तोच वापरावा.