डॅफ्नी म्हणजे झाड, विजय नंतरचा

डॅफ्नी या नावाचा अर्थ 'विजय' असा सांगतात, ते अर्धंच खरं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लॉरेलचं झाड, एवढाच. ग्रीक कथेत अपोलो हा देव मागे लागला म्हणून डॅफ्नी नावाची अप्सरा झाड झाली, मग त्याने त्या झाडाच्याच पानांचा मुकुट केला (नकार पचवायची ही पद्धत मला काही झेपत नाही!). प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या स्पर्धांत जिंकणाऱ्याला तो मुकुट मिळे, तिथून विजय चिकटला.

गंमत म्हणजे ग्रीसमध्ये आजही मसुराच्या सुपात घालतात ते पान 'दाफ्नी'च. पण ते आपलं तमालपत्र नव्हे हं. आपल्या पानावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात आणि वास दालचिनीकडे झुकतो. त्यांच्या पानाला मधली एकच शीर.