जुन्या लॅपटॉपवर बॅटरीची सूचना देणारे हलके साधन कोणते निवडावे?

वाळपईकर:
माझ्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली असून पूर्ण डेस्कटॉपऐवजी केवळ ओपनबॉक्स हा खिडक्या हाताळणारा कार्यक्रम आणि टिंट-२ ची पट्टी अशी मांडणी मी ठेवली आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात वीज गेली की ती परत केव्हा येईल याचा नेम नसतो आणि अशा वेळी बॅटरीवर चालणारा लॅपटॉप कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतो. उरलेली टक्केवारी पट्टीवर दिसावी, वेळेवर इशारा मिळावा आणि मी जागेवर नसलो तर यंत्राने स्वतःहून झोपी जावे, एवढीच अपेक्षा आहे. एक्सएफसीई या डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर घालावा, की सीबॅटिकॉनसारखे लहान साधन पुरे होईल?

कुळागर:
आपण मागितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन आपल्या यंत्रावर आधीच आहेत. टिंट-२ मध्ये बॅटरी दाखवण्याची सोय अंगभूत असते. पट्टीवरील घटकांच्या ओळीत बी हे अक्षर घातले की टक्केवारी दिसू लागते आणि ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर कोणती आज्ञा चालवायची तेही त्याच फाइलीत लिहिता येते. स्वतंत्र साधनच हवे असेल तर सीबॅटिकॉन योग्य ठरेल. ते कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सिसएफएस या फाइलींच्या विभागात मांडून ठेवत असलेली माहिती थेट वाचते, त्यामुळे यूपॉवर ही बॅटरीची माहिती पुरवणारी सेवा चालू असण्याची गरज पडत नाही. कमी आणि गंभीर अशा दोन पातळ्या ठरवता येतात व गंभीर पातळीवर आपण दिलेली आज्ञा ते चालवते.

मात्र एक अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ओपनबॉक्सच्या नुसत्या मांडणीत सूचना पडद्यावर दाखवणारा कार्यक्रमच नसतो, त्यामुळे साधन इमानेइतबारे इशारा पाठवते आणि तो कोणालाच दिसत नाही. डन्स्ट हा तसा छोटा कार्यक्रम बसवून तो सत्राच्या आरंभीच सुरू होईल असे करावे. एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर वाईट नाही, पण तो आणि सीबॅटिकॉन दोन्ही एकाच वेळी कृती करण्यासाठी ठेवू नयेत.

मांडवीतीर:
वरील सल्ला बरोबर आहे, तरी त्याने मूळ दुखणे बरे होईल असे मला वाटत नाही. साधन कोणतेही घेतले तरी आकडा एकाच ठिकाणाहून येतो. तेव्हा साधनाच्या हलकेपणावर एवढी चर्चा करण्यापूर्वी तो आकडा किती विश्वासार्ह आहे हे तपासलेले बरे. सिसएफएसमध्ये पॉवर सप्लायच्या विभागात बॅटरीच्या नावाचा फोल्डर असतो. त्यात कारखान्यातली मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता अशा दोन स्वतंत्र नोंदी मिळतात. काही यंत्रांवर त्या ऊर्जेच्या मापात, तर काहींवर विद्युतभाराच्या मापात असतात, पण गुणोत्तर काढण्यास त्याने फरक पडत नाही. कृपया आपले आकडे कळवावेत.

वाळपईकर:
मूळ क्षमता ४८ वॅट-तास आणि आजची सुमारे २१ वॅट-तास दिसते. बॅटरीवर साधे लेखन करताना खप १० वॅटच्या आसपास आहे. डन्स्ट खरोखरच बसवलेले नव्हते.

मांडवीतीर:
मग हिशेब सरळ आहे. १० वॅट खपाला ४८ वॅट-तासांच्या नव्या बॅटरीतील ५ टक्के म्हणजे साधारण १४ मिनिटे होत होती. आज तेच ५ टक्के जेमतेम ६ मिनिटे पुरतात, आणि तीही कागदावर. झिजलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे ब्राउझरने अचानक जोर लावला की विद्युतदाब एकदम खाली येतो आणि टक्केवारी १० च्या वर दिसत असतानाही यंत्र बंद पडू शकते. सीबॅटिकॉनच्या २० आणि ५ या मूळ पातळ्या अशा बॅटरीला पुरणार नाहीत. इशारा ३५ वर आणि कृती २० वर ठेवावी. नवी बॅटरी घातल्यावर त्या पुन्हा खाली आणता येतील.

रापणकार:
थोडी भर घालतो. ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून स्वतःची स्क्रिप्ट चालवण्याचा मोह होईल, पण तेथून पाठवलेली सूचना सत्राच्या डी-बसचा, म्हणजे कार्यक्रमांमधील निरोपवाहिनीचा, पत्ता दिल्याशिवाय सहसा पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्यापेक्षा बॅटसिग्नल हे सी भाषेतले छोटे साधन बरे. ते सत्रातच चालते आणि चिन्ह न दाखवता केवळ सूचना देते. टक्केवारी टिंट-२ वर दिसतच असल्यामुळे मला दुसऱ्या चिन्हाचे प्रयोजन वाटत नाही.

कुळागर:
मान्य. पट्टीसाठी टिंट-२ आणि इशारा व कृती यांसाठी बॅटसिग्नल, ही जोडी आपल्या मांडणीला अधिक शोभेल. आता झोपी जाण्याविषयी. सस्पेंडमध्ये रॅम जिवंत ठेवण्यासाठी वीज खर्च होतच राहते. वीज रात्रभर आली नाही तर २० टक्क्यांवर निजलेले आपले यंत्र सकाळपर्यंत रिकामे होऊन न साठवलेले काम जाण्याची शक्यता राहते. म्हणून गंभीर पातळीवरील आज्ञा हायबरनेटची, म्हणजे रॅममधील मजकूर डिस्कवर साठवून यंत्र बंद करण्याची, द्यावी. त्यासाठी रॅममधील मजकूर मावेल एवढे स्वॅप, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेली जागा, लागते. आपल्याकडे ४ जीबी रॅम असल्याने तेवढेच स्वॅप ठेवावे. चार्जर काढून, काही फाइली उघड्या ठेवून हायबरनेट एकदा हाताने चालवून पाहावे, कारण काही जुनी यंत्रे त्यातून नीट जागी होत नाहीत आणि तसे असेल तर आज्ञा सरळ यंत्र बंद करण्याचीच द्यावी लागेल.