'कुरोनेको': भीती कमी, पीळ जास्त

कुणीतरी म्हटलंय की जपानी दिग्दर्शक कानेतो शिंदोचा 'कुरोनेको' (१९६८) हा सिनेमा म्हणजे त्याच्याच आधीच्या 'ओनिबाबा'ची भुताटकीवाली आवृत्ती. युद्धात गेलेला पुरुष, मागे राहिलेल्या सासू-सुना, अभिनेत्री नोबुको ओतोवा, हे सगळं सारखं आहे, मान्य. पण 'ओनिबाबा'त खरं भूत नाहीच, घाबरवायला माणसंच पुरेशी आहेत. इथे सामुराई घर लुटतात, सासू-सुनेवर अत्याचार करतात, घर पेटवून निघून जातात. मेलेल्या दोघी भुतं होऊन परततात, सामुराईंचा जीव घ्यायची शपथ घेऊन. सुरुवातीच्या त्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीतच. बांबूच्या बनातून एकेक जण बाहेर येतो, आधी पाटावर ओणवा होऊन ढसाढसा पाणी पितो. पुढे काय होणार ते तिथेच कळतं आणि पोटात गोळा येतो.

सूडाचा भाग जरा तेच ते होतो, हे खरं. पण या भुतांचा बंदोबस्त करायला सामुराईंचा सरदार राइको ज्याला पाठवतो, तो गिंतोकी एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा! आणि आता तोही सामुराई, म्हणजे त्यांनी शपथेवर वैरी ठरवलेल्या जातीतला. बायको सात रात्रींच्या सहवासासाठी नरक पत्करते. आई मात्र शपथ मोडत नाही. माझ्या मते सिनेमा खरा इथे सुरू होतो.

आईच्या भुताच्या तुटलेल्या हाताचा प्रसंग वातानाबे नो त्सुना या सामुराईच्या जुन्या दंतकथेवर बेतलाय. तिथे राक्षस हात परत न्यायला येतो, इथे आईच.

त्या वर्षीच्या कान महोत्सवात हा स्पर्धेत होता, पण मे १९६८च्या आंदोलनामुळे महोत्सवच गुंडाळला गेला. नशीब, दुसरं काय!