ऊसतोडीला गेलेल्या पोरांची शाळा सुटते, दोष कुणाचा?

गोदाकाठ: दिवाळी झाली की बीडच्या पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या आणि तांडे रिकामे होतात. मार्च-एप्रिलपर्यंत नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर पार कर्नाटकात. पोरंही सोबत. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे, तरी नाव हजेरीपटावर आणि पोरगं उसाच्या फडात. माझ्या मते गरिबी हे अर्धंच कारण. ऐन शाळेच्या दिवसांत कारखान्यांचा गाळप हंगाम येतो आणि शाळा-कारखाना दोघांपैकी कुणीच वेळ बदलत नाही.

स्पष्टवक्ता: हंगामी वसतिगृह आहे की! पोरगं रात्री आजीकडे झोपतं, जेवण शाळेत. तरी नेतातच, कारण वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. आईबापांनाच शाळेची किंमत नाही, हे बोलायला का घाबरायचं?

तांड्यावरची: आजीला धड चालवत नाही, पोरगी बारा-तेरा वर्षांची. रात्री कुणाच्या भरवशावर ठेवायची तिला? म्हणून एकतर फडात नेतात, नाहीतर लग्न लावून देतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. बाई पोरांसाठी गावी थांबली, तर कोयता अर्धा आणि उचल तशीच अंगावर. किंमत त्यांना चांगली कळते, दादा.

काकवी: साखरशाळा कशाला बंद पडू दिल्या? कोप्यांपाशीच, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांपाशीच, शाळा होती. आता म्हणतात, जवळच्या नियमित शाळेत घाला. टोळी आज या गावात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. दुसऱ्या शाळेत बसायला मिळणारं शिक्षण हमी कार्ड दाखवून कितीदा नवा बाक शोधायचा पोरानं?

स्पष्टवक्ता: साखरशाळांचं इतकं कौतुक नको. एका शिक्षकापुढे सगळ्या इयत्ता. मी स्वतः मास्तर आहे. एप्रिलात परतलेल्या सहावीच्या पोराला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. वर्षानुवर्षं वर ढकलत आणलं, नववीत गणित समोर आलं की ते आपणच थांबतं.

गोदाकाठ: मग मास्तर, हा आईबापांचा दोष कसा? एप्रिल-मेत खास वर्ग घ्या ना त्यांचे.

स्पष्टवक्ता: पत्र्याच्या खोलीत, टँकरच्या पाण्यावर? आणि मानधन कोण देणार, कारखाना?

तांड्यावरची: हो, कारखानाच! ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलंय ना? त्यातून द्या.

काकवी: त्यातून वसतिगृहं चालवायची आहेत, ताई. आधी ती प्रत्येक तालुक्यात होऊ देत.