एदो काळातले राखाडी-तपकिरी रंग आणि शाया

जपानी पारंपरिक रंगांच्या फाउंटन पेनच्या शाया 'सगळ्या मळकट, एकीतही जीव नाही' अशी तक्रार ऐकू येते. मळकटपणा मान्य, पण त्यामागे सरकारी फर्मानं आहेत! एदो काळात (१६०३–१८६८) शोगुनशाहीने (तेव्हाच्या लष्करी राजवटीने) सामान्यांच्या भपकेबाज कपड्यांवर वेळोवेळी बंदी घातली. उरले तपकिरी, राखाडी आणि निळीचे रंग. रंगाऱ्यांनी त्यांतूनच इतक्या छटा काढल्या की '४८ तपकिरी, १०० राखाडी' असं म्हटलं जाऊ लागलं (आकडे शब्दशः घेऊ नका). काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची नावंही रंगांना चिकटली; लालसर तपकिरी 'दांजुरो-चा' त्यातलाच. फॅशन तेव्हाही नटांकडूनच यायची.

ताच्चिया या ब्रँडची 'उकियो-ए' ही शायांची मालिका याच काळातल्या, त्याच नावाच्या शैलीतल्या चित्रांवर बेतलेली आहे. फक्त या शाया जपानी एफ (फाइन, म्हणजे बारीक) निबने जोखू नका, राखाडी तर नुसती पेन्सिल वाटते. ब्रॉड (जाड) किंवा स्टब (सपाट टोकाची) निब आणि गुळगुळीत कागद घ्या. देवनागरी लिहिताना काना खाली उतरतो तिथे तळाशी शाई साचून गडद होते, वर पातळच राहते. एकाच रेघेत दोन छटा. झेरॉक्सच्या कागदावर यातलं काहीच दिसत नाही, वर शाई फुटते ती वेगळीच.